वागळे इस्टेटमधलं एक मशीन शॉप, तीन वर्षांचा अनुभव (शाफ्ट, बेअरिंग सीट, की-वे वगैरे कामं)

रेटिंग: ५ पैकी साडेचार

मी रबाळे एमआयडीसीत एका फूड प्लँटमध्ये मेंटेनन्सला आहे, मेकॅनिकल. आधी डिप्लोमा, मग नोकरी करता करता डिग्री, एकूण अकरा वर्षं झाली. जॉबवर्क करून देणाऱ्या वर्कशॉपबद्दल कोणी लिहीतच नाही, हॉटेलांवर आणि मोबाईलवर ढीगभर रिव्ह्यू सापडतात, पण रात्री अडीचला शाफ्ट (मशीनचा फिरणारा दांडा) तुटला आणि सकाळी कोणाकडे जायचं तर एक ओळ सापडत नाही. म्हणून हे लिहितेय. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण मालकांनीच, म्हणजे काकांनीच, सांगितलं, "नाव नका टाकू मॅडम, आहे तेच काम वेळेत होत नाही माझ्याने." पण कसं काम करतात ते सविस्तर सांगते म्हणजे तुमच्या जवळच्या शॉपमध्ये काय बघायचं ते कळेल.

जागा म्हणजे रोड नंबर १६ च्या आतल्या गल्लीत, जुन्या गाळ्यांची रांग आहे त्यातला एक. एमआयडीसी १९६२ ला सुरू झाली आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, त्यामुळे हे गाळे किती जुने ते बघूनच कळतं. आजूबाजूला आता काचेचे आयटी पार्क आणि टॉवर झालेत, पण गल्लीत शिरलं की कूलंटचा तो ओला तेलकट वास येतो आणि लेथचा आवाज. ठाणे स्टेशनवरून रिक्षा मिळते. मी रबाळ्याहून स्कूटरने ऐरोली पूल, मुलुंड चेक नाका असं जाते, ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास, संध्याकाळी विचारू नका. शुक्रवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा, मी दोनदा हेलपाटा घातलाय.

आत एक एचएमटीचं जुनं लेथ, एक सीएनसी टर्निंग, एक मिलिंग, एक स्लॉटिंग, मागे सिलिंड्रिकल ग्राइंडिंग. सगळी मिळून सात-आठ माणसं. काका पासष्टीच्या पुढचे असतील, पूर्वी ठाण्यातच एका मोठ्या कारखान्याच्या टूल रूममध्ये होते, तो बंद पडल्यावर हे सुरू केलं. बोलताना एकाच वाक्यात "दोन सूत काढ" पण म्हणतात आणि "पाच मायक्रॉन ठेव" पण म्हणतात. सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, तीन एमएमच्या थोडं वर, आणि मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग. दोन्ही भाषा त्यांना तेवढ्याच सहज येतात.

आता मी तिथे पोचले कशी ते सांगते कारण त्यातच सगळं आहे.

आमच्याकडे ड्रायरला एक ब्लोअर आहे, बेल्टवर चालणारा, १४४० आरपीएम. त्याच्या जुन्या शाफ्टची बेअरिंग सीट, म्हणजे बेअरिंग बसतं ती जागा, झिजली होती, बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरायला लागलेली. मशीन परदेशी आणि जुनं, ड्रॉइंग कोणाकडे नाही, मग मी जुना शाफ्ट मापून ड्रॉइंग काढलं आणि परचेसने ठरवलेल्या एका दुसऱ्या शॉपला दिलं. शाफ्ट वेळेत आला, चकचकीत, मापात बरोबर, बसवला, चालू केला, सगळे खूश. चौथ्या रात्री तुटला. शिफ्टवाल्या दादाचा फोन आला, "मॅडम, ब्लोअरची पुली खाली पडलीये," आणि मी झोपेतच विचारलं, "पुली कशी पडेल?" पुली शाफ्टच्या तुकड्यासकट पडली होती. नशिबाने गार्ड होता, कोणाला लागलं नाही.

सकाळी तो तुकडा हातात घेतला तेव्हा मला जे दिसलं ते मी अजून विसरले नाहीये. मोडलेल्या तोंडाचा जवळजवळ पाऊण भाग गुळगुळीत, आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक वक्र रेघा, आणि एका बाजूला थोडासाच भाग खरखरीत, साखरेच्या खड्यासारखा दाणेदार. म्हणजे शाफ्ट एका झटक्यात तुटलाच नव्हता. कोपऱ्यात एक केसासारखी चीर पडली आणि ती दर फेरीला थोडी थोडी आत सरकत गेली, आणि शेवटी उरलेला छोटा भाग एकदम गेला. ह्याला फटीग म्हणतात, कॉलेजमध्ये आम्ही त्याचे ग्राफ काढले होते, पण ग्राफमधली गोष्ट अशी हातात आठ किलोची होऊन येते तेव्हा वेगळंच वाटतं. बेल्ट शाफ्टला एकाच दिशेला ओढत असतो आणि शाफ्ट फिरत असतो, त्यामुळे शाफ्टच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेरीत एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. १४४० आरपीएम म्हणजे चोवीस तासांत वीस लाखांच्या वर फेऱ्या. साडेतीन दिवसांत सत्तर लाखांच्या पुढे. तेवढ्या वेळा वाकवलं तर कुठेतरी कमजोर जागा असली की ती सापडणारच.

आणि कमजोर जागा कुठे होती? बेअरिंग जिथे टेकतं त्या खांद्याच्या कोपऱ्यात. ४० एमएमचा व्यास संपून ५० चा सुरू होतो तिथे कोपरा एकदम काटकोनात, सुरीसारखा. तिथे गोलाई पाहिजे होती. जुन्या शाफ्टला ती असणार, पण तिथेच झीज आणि गंज होता आणि मला ती दिसली नाही, म्हणून ड्रॉइंगमध्ये मी कोपऱ्यात काहीच लिहिलं नाही. त्या शॉपने जे लिहिलंय ते बनवलं, जे लिहिलं नव्हतं ते विचारलं नाही. चूक माझीच होती हे मी साहेबांना तेव्हाच सांगितलं. पण एक गोष्ट मनात राहिली, की पन्नास शाफ्ट बनवणाऱ्या माणसाला बेअरिंगच्या खांद्याला धारदार कोपरा दिसला तर त्याने एक फोन करायला हवा होता ना.

मग आमच्या एका जुन्या फिटर दादांनी ह्या काकांचा पत्ता दिला. मी ड्रॉइंग सुधारलं, ह्या वेळी कोपऱ्यात मुद्दाम मोठा, २ एमएमचा रेडियस दिला, म्हणजे आता तुटायचा प्रश्नच नाही, आणि ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिलं. तासाभरात फोन.

"मॅडम, बेअरिंग कुठलं आहे?"

"६३०८, काका."

"मग तुम्ही खांद्याला दोन दिलाय. बेअरिंगच्या कोपऱ्याला दीड असतो. तुमचं बेअरिंग रेडियसवर चढून बसेल, खांद्याला टेकणारच नाही."

मी कॅटलॉग उघडला. खरंच, ६३०८ च्या कोपऱ्याचा रेडियस कमीत कमी १.५ आणि शाफ्टवरचा त्याच्यापेक्षा मोठा चालत नाही. नाहीतर बेअरिंग तिरपं बसलं असतं, महिनाभरात आवाज करायला लागलं असतं आणि मी बेअरिंगच्या कंपनीला दोष देत बसले असते. मी म्हटलं सव्वा ठेवूया का, तर काका म्हणाले, "एक पॉइंट दोन ठेवा. माझ्याकडे एक पॉइंट दोन नोजचा इन्सर्ट आहे, टर्निंगमध्ये एकसारखा निघेल, आणि ग्राइंडिंगच्या व्हीलला पण तेवढाच ड्रेस करून घेतो." इन्सर्ट म्हणजे लेथच्या हत्याराचं कापणारं टोक, आणि ड्रेस करणं म्हणजे ग्राइंडिंगच्या चाकाला तोच आकार देणं. म्हणजे हत्यार जे आहे त्याच्याशी जुळणारा आकडा द्या, म्हणजे कोपऱ्यात दोन पासचा जोड राहत नाही, आणि जोडाची रेघ म्हणजे पुन्हा चीर पडायची जागा. मला हे अकरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

हा फोन म्हणजे ह्या दुकानाचं खरं काम असं माझं मत झालंय. मशीनं सगळ्यांकडे असतात.

मटेरियलचं पण असंच. आमचे साहेब म्हणत होते की आता ईएन २४ (जास्त मजबूत स्टील) घालूया, ईएन ८ (नेहमीचं साधं स्टील) वाकत असेल म्हणून तुटला. मला माहीत होतं की हे बरोबर नाही पण साहेबांना समजावणं हा पण नोकरीचा भाग आहे, आणि सोपा नाही. सगळ्या स्टीलचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो, ईएन ८ काय आणि ईएन २४ काय, त्याच जाडीचा शाफ्ट त्याच ओढीला तेवढाच वाकणार. ईएन २४ तुटायला जास्त ताकद लागते हे खरं, पण स्टील जेवढं कडक तेवढं ते धारदार कोपऱ्याला जास्त हळवं होतं, आणि आपला प्रॉब्लेम कोपऱ्याचाच होता. मी तुटलेला तुकडा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि रेघा कुठून सुरू झाल्यात ते बोटाने दाखवलं, तेव्हा पटलं. ईएन ८ च ठेवलं. बार कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून आणला होता, काकांनी तो घेतल्या घेतल्या बेंच ग्राइंडरला लावला आणि ठिणग्या बघितल्या. ठिणग्यांना किती फाटे फुटतात त्यावरून कार्बन किती आहे त्याचा अंदाज येतो. सर्टिफिकेट होतंच, तरी बघितलं.

आता मापाबद्दल, कारण इथे लोक फसतात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, ६३०८ मधल्या शेवटच्या ०८ ला पाचने गुणलं की ४०, तो आतला व्यास. त्या सीटला मी के ६ टॉलरन्स (माप किती वर-खाली चालेल त्याची ठरलेली हद्द) दिला होता, म्हणजे ४०.००२ ते ४०.०१८. सगळी मिळून सोळा मायक्रॉनची जागा. डोक्याचा केस ह्याच्या तीन-चार पट जाड असतो. मी डिलिव्हरीला स्वतः गेले होते, प्लँटमधून दर अर्ध्या तासाला फोन, कधी येताय, कधी येताय. ग्राइंडिंगवरून शाफ्ट उतरला, ऑपरेटरने मायक्रोमीटर लावला, ४०.०१६. बसतंय मापात, मी म्हटलं द्या पॅक करून. काका म्हणाले, "थांबा. गरम आहे. चहा घ्या."

मला त्या क्षणी चहा नको होता, शाफ्ट हवा होता. पण बसले. वीस-पंचवीस मिनिटांनी परत माप घेतलं तर ४०.००९. सात मायक्रॉनचा फरक नुसत्या गरमपणाचा. गणित सोपंय, स्टील एका डिग्रीला मीटरमागे साधारण बारा मायक्रॉन वाढतं, ४० एमएमला पंधरा डिग्री जास्त असेल तर सात मायक्रॉन होतात. हे मला कागदावर करता येत होतं, करायचं कधी ते काकांना माहीत होतं. ह्या वेळी माप आतच होतं पण समजा गरम असताना ४०.००६ दिसलं असतं आणि मी घेऊन गेले असते तर थंड झाल्यावर ते ३९.९९९ आणि सीट सैल, म्हणजे पुन्हा तेच झिजणं. मोजमापाचं प्रमाण तापमान जगभर २० डिग्री धरतात, आपल्या ठाण्यात वीस कुठून येणार, पण मायक्रोमीटरही स्टीलचा आणि जॉबही स्टीलचा, दोन्ही एकाच तापमानाला आले की भागतं. म्हणून ते मायक्रोमीटर आणि जॉब एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून देतात.

अजून एक मला फार आवडलेली गोष्ट. शाफ्टच्या दोन्ही टोकांना मधोमध सेंटरचं छोटं शंकूसारखं भोक असतं, ज्यावर लेथ आणि ग्राइंडिंग दोन्ही होतं. बरेच जण शेवटी टोक साफ करताना ते उडवून टाकतात, दिसायला छान दिसतं. काका उडवत नाहीत, उलट ग्रीस लावून वर टेप चिकटवून देतात. "पुढे कधी वाकलाय का बघायचं झालं तर परत सेंटरवर धरता येईल," म्हणाले. माझ्यासमोर सेंटरवर धरून डायल लावला, हाताने फिरवला, काटा एका घराच्या आत हलला, म्हणजे दहा मायक्रॉनच्या आत. ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलं तारखेसह.

बसवताना मी प्लँटमध्ये बेअरिंग इंडक्शन हीटरवर ११० डिग्रीपर्यंत तापवलं. हातोडीने ठोकून बसवतात ना, ते बघून माझा जीव कळवळतो, त्या ठोक्यांचे वळ आत बॉलच्या रस्त्यावर उमटतात आणि मग कुरकुर सुरू. तीसवरून ११० म्हणजे ऐंशी डिग्री, ४० एमएमचं भोक साधारण ३८ मायक्रॉन मोठं होतं, आणि जास्तीत जास्त घट्ट बसणी धरली तरी ३० मायक्रॉन (शाफ्टचे १८, बेअरिंगच्या भोकाचे १२), म्हणून ते आपोआप सरकत जाऊन खांद्याला टेकतं. "टक" असा छोटा आवाज येतो. तो आवाज आला की मला बरं वाटतं, खरंच. दोन-तीन मिनिटं खांद्याला दाबून धरायचं, कारण थंड होताना ते मागे सरकतं. हा शाफ्ट बसवून तीन वर्षं होत आली, मध्ये बेल्ट दोनदा बदलले, शाफ्टला हात लावला नाही.

किमतीबद्दल. आधीच्या शॉपने ४,२०० घेतले होते, काकांनी ६,८०० सांगितले. परचेसवाले म्हणाले तीन कोटेशन आणा आणि एल वनला, म्हणजे सगळ्यात कमी भाववाल्याला, द्या. इथे मला दोन आठवडे भांडायला लागलं, भांडण म्हणजे कागदोपत्री. मी एक पानाची नोट लिहिली, तुटलेल्या शाफ्टमुळे ड्रायर किती तास बंद होता, बेअरिंगं आणि बेल्ट गेले, रात्रीची अख्खी शिफ्ट बसून होती, कच्चा माल टाकून द्यावा लागला, ह्या सगळ्यापुढे २,६०० चा फरक काय आहे ते समोर मांडलं. मंजूर झालं. मेकॅनिकल इंजिनिअर म्हणजे हातात पाना असं लोकांना वाटतं, पण माझ्या दिवसातला मोठा वेळ असाच जातो, नोट लिहिणं, ड्रॉइंग तपासणं, परमिट सही करणं, मशीनला लॉक लावून चावी खिशात ठेवणं, आणि फोन. पाना आता फिटर दादांच्या हातात असतो, माझ्या हातात बहुतेक वेळा मायक्रोमीटर नाहीतर पेन.

ह्यावरून आठवलं, माझा भाचा, बहिणीचा मुलगा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत विचारत होता, "मावशी, तू कंपनीत नक्की करतेस काय? आम्हाला तर सगळं सॉफ्टवेअरवरच शिकवतात." मी त्याला काय सांगणार, शनिवारी स्कूटरवर मागे बसवलं आणि काकांकडे नेलं. काकांनी त्याच्या हातात २५ ते ५० चा मायक्रोमीटर दिला, म्हणाले माप बघ. त्याने थिंबल धरून जोरात पिळलं, नळ बंद करतात तसं. काकांनी त्याचा हात धरला.

"पिळू नकोस रे, तो क्लॅम्प नाहीये. मागचं रॅचेट धर. तीन टिकटिक झाल्या की थांबायचं."

मग त्याने रॅचेटने घेतलं आणि आधीपेक्षा दहा मायक्रॉन जास्त आलं, कारण आधी त्याने पिळून फ्रेमच ताणली होती आणि माप कमी दाखवत होतं. तो पोरगा दोन मिनिटं काहीच बोलला नाही. नंतर त्याने स्वतःहून सातवेळा तोच जॉब मोजला, तीन ठिकाणी आणि दोन्ही दिशांना, आणि कागदावर लिहिलं. ऑपरेटर म्हणाला, "आता हा काम करेल." काकांनी त्याला सांगितलं सुट्टीत येऊन बस, पगार नाही देणार पण चहा देईन. तो खरंच गेला, पंधरा दिवस, आणि घरी येऊन बहिणीला चमच्याची जाडी सांगायला लागला. सॉफ्टवेअर वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, मी पण रोज वापरते, पण स्क्रीनवर चाळीस लिहिलं की ते चाळीसच असतं. इथे आल्यावर कळतं की चाळीस हे ठरवावं लागतं, किती वर चालेल, किती खाली चालेल, कोण मोजणार, कशाने, कधी.

आता तक्रारी, कारण साडेचार दिलेत ते उगाच नाही.

एक म्हणजे वेळ. काका गुरुवार म्हणाले की शनिवार धरा, मधे शुक्रवार येतोच. घाईचं काम असेल तर आधीच स्पष्ट सांगा की ब्रेकडाऊन आहे, मग रात्री थांबून करून देतात, माझं दोनदा केलंय. पण साधं काम असेल तर ते मागे पडत जातं आणि तुम्हालाच आठवण करावी लागते. माझे एकदा सहा बुश अडीच आठवडे पडून होते.

दुसरं, कागदपत्रं. इन्स्पेक्शन रिपोर्ट मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागितला तरी हाताने लिहिलेला मिळतो. माझ्यासाठी तो पुरतो, कारण त्यातले आकडे खरे असतात, मी आमच्याकडे परत मोजून बघितलेत, पण तुमच्या कंपनीत ऑडिट कडक असेल तर त्रास होईल. कोटेशन तर ते फोनवरच सांगतात, लेखी आणायला मला त्यांच्या सुनेला मेसेज करावा लागतो, त्या हिशोब बघतात आणि त्या मात्र लगेच पाठवतात. चलन आणि बिल व्यवस्थित असतं.

तिसरं, सगळं काम घ्यायचं नसतं त्यांना, आणि हे मला आधी तक्रार वाटायची पण आता नाही वाटत. स्टेनलेसचा पातळ लांब जॉब मी एकदा नेला तर सरळ म्हणाले, "हे माझ्याकडे नीट होणार नाही, ताप धरून वाकेल, तुम्ही दुसरीकडे जा," आणि कुठे जायचं ते पण सांगितलं. वेल्डिंग करत नाहीत. गिअर कटिंग बाहेरून करून आणतात आणि ते आधी सांगतात. हार्डनिंगही बाहेर.

आणि पार्किंग नाही. टेम्पो आला की गल्ली बंद, मग शेजारचे ओरडतात. गाळ्यात उजेड कमी आहे, पावसाळ्यात दारात पाणी साचतं, तेव्हा जाताना सेफ्टी शूज घाला, तसेही घालाच कारण खाली लोखंडाचा कीस असतो. माझ्या एका चपलेचा तळ त्याने फाटलाय. मी मॅडम म्हणून गेले तेव्हा सुरुवातीला ऑपरेटर माझ्याशी न बोलता माझ्याबरोबरच्या हेल्परशी बोलायचे, हे वागळेत काय आणि रबाळ्यात काय सगळीकडे होतं. काकांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी सरळ सांगितलं, "ड्रॉइंग मॅडमचं आहे, प्रश्न मॅडमना विचारा." त्यानंतर तिथे कधी झालं नाही.

जाणार असाल तर जुना तुटका पार्ट बरोबर घेऊन जा, नुसतं ड्रॉइंग नको. काका आधी पार्ट बघतात, कुठे झिजलाय, कुठे चमक आलीये, कुठे निळा पडलाय, आणि मग विचारतात की हा कशावर चालतो, किती फिरतो, ओढ कुठल्या बाजूला आहे. ह्या प्रश्नांची उत्तरं घेऊनच जा, नाहीतर परत पाठवतात, मला पहिल्या महिन्यात एकदा पाठवलंय. बेअरिंगचा नंबर लिहून न्या, शक्य असेल तर बेअरिंगच न्या. आणि ड्रॉइंगवर जिथे टॉलरन्सची गरज नाही तिथे देऊ नका, मी आधी सगळीकडे द्यायचे, सेफ राहावं म्हणून. काकांनी एकदा लाल पेनाने अकरा ठिकाणी गोल केला आणि विचारलं ह्यातल्या किती ठिकाणी दुसरा पार्ट बसतो. तीन. बाकी आठ सैल केले तर बिल जवळपास पाव भागाने कमी झालं.

सध्या माझा एक मिक्सरचा शाफ्ट त्यांच्याकडे आहे, एका टोकाला कपलिंग, दुसऱ्या टोकाला पाती, दोन्हीकडे की-वे (चावी बसवायची खाच, जिच्यामुळे कपलिंग आणि पाती शाफ्टवर घसरत नाहीत). सोमवारी देतो म्हणालेत, म्हणजे मी बुधवार धरलाय. आज सकाळी मी रबाळे स्टेशनच्या पुलावर असताना फोन आला.

"मॅडम, दोन्ही की-वे एकाच रेषेत पाहिजेत का कसेही चालतील?"

मी तिथेच कडेला उभी राहून फोनमध्ये ड्रॉइंग उघडलं. लिहिलंच नव्हतं. पाती सेन्सरसमोर ठरलेल्या जागी थांबावी लागतात, म्हणजे एकाच रेषेत हवेत. "एका रेषेत, काका," म्हटलं, "अर्ध्या तासात सुधारून पाठवते."